पांढऱ्या डोळ्याचा जिताडा

मेलेल्यांची इतक्या आस्थेनं चौकशी करणारा माणूस माझ्या मावशीच्या यजमानांखेरीज उभ्या रायगड जिल्ह्यात झाला नसेल. कुणाकडे मयताला गेलं की सगळे "वाईट झालं" म्हणत, आणि काका हळूच विचारत, "त्याआधी अंगाला काही जखम झाली होती का?" मावशी मागून त्यांचा सदरा ओढायची. पण सवय नोकरीची होती. काका मत्स्यखात्यात होते. वडखळच्या पुढं खाडीकाठी तळी होती, तिथं जिताड्याच्या बोटभर पिल्लांवर खुणा करायच्या आणि कोणती खूण त्यांना मानवते ते बघायचं, हे त्यांचं काम. काहींच्या पराचा कोपरा कातरायचा, काहींच्या कातडीखाली सुईनं रंगाचा ठिपका भरायचा, काहींच्या पाठीत दोऱ्यानं नंबराचा मणी बांधायचा, आणि काहींना नुसतं हातात धरून सोडून द्यायचं. "मासा खुणेनं मेला की आपल्या मरणानं, ते ह्या बिनखुणेच्यांवरून कळतं," हे ते जेवायला बसल्यावर, ताटातल्या तुकडीकडं बघत सांगत.

घरातही तेच. टॉवेलांचे कोपरे कातरलेले, वाट्यांच्या बुडाला ठिपके. कोणती खूण किती धुण्यांत टिकते याचा शोध चालू असे. पाहुण्यांच्या मानेमागं ते असे टक लावून बघत, की मी कधी त्यांच्याकडं पाठ करून बसलो नाही. मण्याचं पिल्लू मेलं की ते स्वतः बांधाच्या कडेला पुरत आणि त्याचा मणी आणून पेणच्या घराच्या खिडकीतल्या तारेत ओवत. वारा आला की दात वाजल्यासारखा आवाज होई.

"अहो, काढा ते. घरात कुणीतरी कुडकुडतंय असं वाटतं," मावशी म्हणे.

"निकाल लागू दे गो, मग काढतो."

निकाल जवळजवळ लागलाच होता. मण्याची पिल्लं सगळ्यांत जास्त मरत, ठिपक्याची बिनखुणेच्यांइतकीच जगत. अहवाल पाठवायचा तेवढा बाकी होता. अशात एका सकाळी आम्ही दोघं पेणच्या बाजारात गेलो, तर ओळखीच्या कोळणीनं हाक मारली. तिच्या पाटीत हातभर लांबीचा जिताडा होता.

"भाऊ, याच्या पाठीत मनी हाय. खाडीत गावला. मी नाय कापनार याला."

काकांनी अंगठ्यानं शेवाळ पुसून नंबर वाचला. मग मासा पिशवीत घालून घरी आणला. खिडकीतल्या तारेवर तोच नंबर होता.

"छापताना एकच नंबर दोनदा पडला असेल," मी म्हणालो.

"असेल," काका म्हणाले. "पण मी पुरला त्याचा उजवा डोळा पांढरा होता."

पिशवीतून मासा मावशीनं बाहेर काढला. उजवा डोळा चुन्यासारखा पांढरा होता. तिनं पदराला हात पुसले आणि ती देवापाशी जाऊन बसली.

त्या दुपारी काकांनी तो जिताडा एसटीनं परत नेला आणि बांधाशेजारी पुरला, या वेळी मण्यासकट. अहवाल त्यांनी पाठवलाच नाही. कोण मेलं आणि कोण जगलं हे आपल्याला खात्रीनं सांगता येत नाही, असं त्यांनी साहेबांना तोंडावर सांगितलं. साहेब हसले आणि त्यांनी ते काम दुसऱ्याला दिलं. वर्षानुवर्षं केलेलं काम हातचं गेलं, पण काकांनी कधी तक्रार केली नाही.

निवृत्तीनंतर दोघं रोह्याला कुंडलिकेकाठी राहायला आली, आणि तिथंच मावशी गेली. तिचे दिवस झाल्यावर मी काकांना भेटायला गेलो. ते ओटीवर नदीकडं तोंड करून बसले होते. दिवेलागणीला डास यायला लागले, म्हणून मी दाराला कडी घालायला उठलो.

"कडी नको घालूस," काका म्हणाले.

"का हो?"

"माझी मोजणी एकदा चुकलीय."

मी दार नुसतं लोटलं आणि त्यांच्या शेजारी येऊन बसलो.