बास म्हटलं की!

पोरं डबा घरी नेतात आणि झाकण विसरतात. माझ्या बालवाडीच्या कोपऱ्यात असल्या बेवारस झाकणांचं एक पोतं झालंय. कुठलं कुणाचं ते आता देवालाही सांगता यायचं नाही. पण एखादं हातात घेतलं की कुठलं तरी पोरगं आठवतं, मग त्याची आई आठवते, आणि मग मला हसू आवरत नाही. किस्स्यांचंही असंच. साठवायला कोण बसतंय? पण पोतं भरतं.

माझं शिक्षण चौथी. पुढचं सगळं माझं मीच शिकले. पोरांच्या वजनाचा तक्ता वाचायलाही मीच शिकले, कुणी हात धरून शिकवलं नाही. एकदा शहरातून एक बाई ट्रेनिंग द्यायला आल्या. "तुमचं क्वालिफिकेशन काय?" म्हणाल्या.

"चौथी. तुमची पोरं किती?"

"अजून नाहीत."

"मग बसा. आपण दोघी शिकाऊच!"

*

शिवाजी पेठेत तालमीच्या मागच्या बोळात माझी बालवाडी. मी आणि मालन, दोघी मिळून चालवतो. मालन माझ्याहून दहा वर्षांनी लहान आणि दहापट तोंडाळ.

एका आईनं पहिल्याच दिवशी बजावलं, "आक्का, आमचा पिंटू मोबाईल बघितल्याशिवाय खात न्हाय. कार्टून लावलं की तोंड आपोआप उघडतंय."

मी म्हटलं, "माझ्याकडं साधा फोन हाय. त्यात कार्टून न्हाय, फक्त माझा भाऊ बोलतोय."

अकरा वाजले, डबे उघडले. पिंटू तोंड मिटून बसला. मालननं काय करावं? भिंतीवरची काळी पाटी काढली आणि त्याच्या नाकासमोर धरली. कोरी पाटी! पोरगं पाटीकडं टक लावून बघत बसलं आणि तोंड आपोआप उघडलं!

संध्याकाळी आईनं कौतुकानं विचारलं, "खाल्लं का हो?"

मालन म्हणाली, "खाल्लं कुठलं, चार्जिंगला लावलं हुतं!"

*

दुसरी एक आई लेकीला फार प्रेमानं भरवते अशी तिची ख्याती होती. ती स्वतःच सांगायची. एकदा ती लवकर न्यायला आली, तेव्हा पोरी भातुकली खेळत होत्या. हिची लेक आई झालेली, मांडीवर बाहुली.

"खा! हा काऊचा, हा चिऊचा. खा म्हणते न्हवं! पोलिसाला बोलावू? भाजी खा, मग चॉकलेट देते. तोंड उघड!" आणि बाहुलीचं नाक दाबलं. "उलटी केलीस? थांब, परत पहिल्यापासनं!"

आई दारातच थबकली. हळूच म्हणाली, "आक्का, कुणाची नक्कल करती ही?"

मालन उठली आणि आतून आरसा घेऊन आली!

*

आता रणवीर.

रणवीर चार वर्षांचा. गोल चेहरा, गालाला खळ्या, आवाज घंटेसारखा. आजोबा तालमीतले वस्ताद. नातवाला जन्मतःच पैलवान ठरवलेला. रोज सकाळी वस्ताद त्याला दुधाच्या कट्ट्यावर नेणार, म्हशीची धार समोर काढून ग्लास तोंडाला लावणार. घरी आल्यावर बदाम, वर तुपात भिजलेली भाकरी. मग माझ्याकडं डबा. दोन मजली डबा!

कुणी "पोरगं जरा जड झालंय" म्हटलं की वस्ताद मिशीला पीळ द्यायचे. "जड न्हाय, भरलंय. आमच्यात पोराला इचारून वाढत न्हाईत!"

रणवीरला तीन पायऱ्या चढल्या की धाप लागायची. शिवाशिवीत चार पावलांत पकडला जायचा. म्हणून पोरांनी त्याला खांब केला. म्हणजे तो मधे उभा राहायचा आणि त्याला हात लावला की पळणाऱ्याची सुटका. रोज तोच खांब. बिचारा अभिमानानं मला सांगायचा, "आक्का, मी खांब हाय! माझ्याशिवाय खेळ हुत न्हाय!"

तेव्हा मात्र मला हसू यायचं नाही.

*

एक दिवस त्याची आई पल्लवी डॉक्टरांचा कागद घेऊन आली. डोळे लाल. "आक्का, डॉक्टर म्हणाले, आत्ताच आवरलं न्हाय तर गुडघे, धाप, पुढं साखर, सगळं मागं लागंल. उपाशी ठेवायचं न्हाय, पण कोंबायचं बंद. त्याला स्वतःची भूकच कळत न्हाय म्हणाले. कधी लागूच दिली न्हाय आम्ही."

मी लगेच पदर खोचला. "बघ! मी सांगत हुते! तुझा सासरा..."

मालन मधेच म्हणाली, "आक्का, पोराच्या कपाळावरचे तारे कुणी लावले?"

मी खोचलेला पदर सोडला.

सांगते. माझा एक नियम होता: डबा चाटूनपुसून रिकामा केला की कपाळावर चमकीचा तारा. सगळ्यात जास्त तारे रणवीरचे. तो आपला डबा संपवायचा, शेजारच्याचा संपवायचा, पिंटूचा उरलेला संपवायचा. कपाळभर तारे घेऊन पोरगं ऐटीत घरी जायचं आणि मी बोळातल्या सगळ्यांना हाका मारून दाखवायची, "बघा, ह्याला म्हणायचं शहाणं बाळ!"

मी सहसा चूक कबूल करत नाही. ती सवयच नाही. त्या दिवशी ताऱ्यांची पाकिटं उचलली आणि केराच्या बादलीत टाकली. मालननं वर झाकण ठेवलं.

*

पालकांची मीटिंग बोलावली. आया आल्या, दोन-चार बाप आले, आणि पहिल्या रांगेत वस्ताद मांडी ठोकून बसले. मी सरळ सांगितलं, "डब्यात काय द्यायचं ते तुम्ही ठरवा. किती खायचं ते पोराला ठरवू द्या. पोट त्याचं हाय. आन आजपासनं तारे बंद. ती चूक माझी हुती."

वस्ताद उसळले. "चार वर्सांच्या पोराला काय कळतंय? पोरगं न्हाई म्हणतंय, आपण भरवायचं. त्यालाच माया म्हणत्यात!"

"व्हय? या की मग पुढं."

त्यांना पोरांच्या लहान खुर्चीवर बसवलं. खुर्ची कुरकुरली. मालननं पातेलंभर शिरा केला होता. मी एका हातानं वस्तादांची हनुवटी धरली, दुसऱ्या हातात चमचा.

"हा काऊचा!" खाल्ला. "हा चिऊचा!" खाल्ला. आया पदर तोंडात घालून हसत होत्या. मुधोळच्या मामाचा, गडमुडशिंगीच्या आत्याचा, चंदगडच्या काजूवाल्याचा. बाराव्या घासाला वस्तादांनी मान फिरवली.

"बास, आक्का."

"असं कसं? गुणी बाळ न्हवं? आणि एकच घास, आज्जीसाठी!"

"बास म्हणतोय."

"तोंड उघडा, न्हायतर पोलिसाला बोलावते!"

"अवो, बास म्हटलं की!" वस्ताद गरजले. भिंतीवरचा तक्ता हलला.

मी चमचा खाली ठेवला. "मोठ्या माणसाचं ऐकू येतंय बघा. नातू दोन वर्सं हेच म्हणतोय, पर त्याचा आवाज बारीक हाय."

वस्ताद उठले. मिशीला लागलेला शिरा पुसला आणि चपला घालून गेले. मालन म्हणाली, "आता हा माणूस पुन्हा तोंड दाखवत न्हाय." मलाही तसंच वाटलं. आणि खरं सांगते, भीती वाटली ती रणवीरची. चिडून पोराला काढून घेतलं तर?

पण दुसऱ्या दिवशी रणवीर आला. डबा एकमजली!

*

पंधरा-वीस दिवस गेले असतील. एका सकाळी, डब्याला अजून वेळ होता, शिवाशिवी चालू होती, आणि रणवीर खांबाची जागा सोडून माझ्याकडं आला. पोट दोन्ही हातांनी धरलेलं, तोंड रडवेलं.

"आक्का, माझ्या पोटात कायतरी चाललंय."

"दुखतंय?"

"न्हाय. ओढतंय. आतनं आवाज येतोय."

मालननं मीठमोहरी घेऊन नजर काढली, तरी "ओढतंय" थांबेना. पल्लवीला फोन केला. तिच्या आधी वस्तादच आले. आखाड्यातून थेट, लंगोटावर टॉवेल गुंडाळलेला, अंगभर लाल माती. पोराला उचललं आणि आम्ही सगळी वरात कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडं!

डॉक्टरांनी पोट दाबलं, ठोकलं, नळी लावून ऐकलं. जीभ बघितली. "सकाळी काय खाल्लं?"

वस्ताद अपराध्यासारखं म्हणाले, "अर्धी भाकरी. बास म्हणाला, म्हणून म्या सोडला. कट्ट्यावरबी नेला न्हाय. चुकलंच माझं, डॉक्टर."

डॉक्टरांनी कानातली नळी काढली. "ह्याला भूक लागलीय."

रणवीर आपल्या पोटाकडं बघत होता, आत नवीन कुणी राहायला आल्यासारखं.

शेवटी वस्ताद म्हणाले, "भूक? आमच्या घरात?"

बालवाडीत परत आणलं, डबा उघडून पुढं ठेवला. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी. कुणी भरवलं नाही. काऊ नाही, चिऊ नाही. असं जेवताना त्या पोराला मी कधीच बघितलं नव्हतं. घास तोंडात गेला की डोळे मिटायचा! पल्लवी दाराआड उभी राहून बघत होती.

चतकोर भाकरी उरली. रणवीरनं हात थांबवला. "बास."

वस्तादांनी तो चतकोर उचलला. हात तसाच हवेत. "आणि ए..." एवढंच तोंडातून निघालं. रणवीरनं झाकण उचललं, डब्याला लावलं, दोन्ही हातांनी दाबलं आणि अंगणात पळाला.

बाहेर पोरांचा कालवा. "ए रणवीर, हुबा ऱ्हा की मधे! खांब कोण मग?"

"मी न्हाय! मी पळणार!"

"मग खांब कोण?"

वस्तादांनी हातातला चतकोर स्वतःच्या तोंडात टाकला. टॉवेल घट्ट खोचला आणि लाल मातीनं माखलेले तसेच अंगणाच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

"या रं. मी हाय खांब!"