एकच भोपळा

परसातल्या वेलीवरच वाळून गेलेला भोपळा आज हातात घेतला. आतल्या बिया खुळखुळल्या आणि मी थेट नांदेडच्या गोदावरीत जाऊन बसले, गूळ करायच्या लोखंडी काहिलीत.

निजामाचं राज्य होतं, सुट्टी जुम्म्याला असायची. आमचे हे शाळेत मास्तर. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दर जुम्म्याला हे कुणाची तरी काहील मागून आणायचे आणि तिचीच होडी करून आम्ही नदीपलीकडच्या वाळवंटात जायचो. तीन दगडांवर चहा, दिवसभर मुक्काम. निघण्याआधी हे, मी बुडू नये म्हणून, माझ्या पाठीला वाळका भोपळा बांधायचे, गाठ अगदी हळू मारायचे. मी नदीकाठची पोर, मला पोहता यायचं. पण ती गाठ मला आवडायची, म्हणून बोललेच न्हाई.

एकदा भर धारेत वल्हं निसटलं. काहील गरगर फिरायला लागली. मी पाण्यात उतरले, वल्हं धरून आणलं. हे कडा घट्ट धरून बसलेले, पांढरेफटक.

"तुला पोहता येतं व्हय?"

"हाव. तुमी का न्हाई उतरलात?"

"मला येत न्हाई."

तेव्हा मी पोट धरून हसले होते. आता भोपळा कानाशी हलवून बघते आणि नवल करत राहते. दर जुम्म्याला एवढी नदी, आणि भोपळा आमच्याकडं एकच होता.