आबांची हिंदी

हे मी बैठकीत, मोर्चात, मैत्रिणीजवळ – कुठेच बोललेले नाही. माईक हातात आला की गप्प न बसणारी मी, या एका गोष्टीवर तोंड शिवून बसले आहे.

मी पत्रकं लिहिते. अपंग मुलांच्या हक्कांची. लखनौतल्या शाळांच्या फाटकांवर उभी राहून वाटते. त्यातलं एक वाक्य माझं फार लाडकं – ‘मुलाची अडचण लपवणारे आईबाप हे या व्यवस्थेचे बिनपगारी नोकर!’ ठळक अक्षरांत. ते छापून आलं तेव्हा मी काय करत होते?

लपवत होते.

माझी सई. कान ठणठणीत, पण ऐकलेले शब्द मेंदूत पोचेपर्यंत विस्कटतात. गोंगाटात तर नुसता काला. तपासणाऱ्या बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं – शाळेला कळवा, पुढच्या बाकावर बसवा, समोर बसून एकेक वाक्य बोला. यात अवघड काय होतं?

लखनौच्या महानगर भागातल्या आमच्या घरात तेव्हा माणसं तीन – सई, मी आणि माझे वडील. आबा सांगलीहून नातीसाठी आलेले. स्वभावच संथ. तिच्या गुडघ्याला हात लावायचे, ती वळेपर्यंत थांबायचे, मग मराठीत बोलायचे. ती उत्तर हिंदीत द्यायची – पण नेमकं.

आणि मग शाळेतून बोलावणं आलं. “सई सुनती ही नहीं, बस मुँह देखती रहती है,” वर्गाच्या मॅडम म्हणाल्या. मागे इतर मुलांच्या दोन आया उभ्या होत्या, मला ओळखणाऱ्या, माझी भाषणं ऐकलेल्या. मी म्हणाले, “मैम, घर में मराठी चलती है ना, इसलिए.”

इतकं सहज! कुठून आलं ते? भीती नव्हती. लाज होती. माझ्याच मुलीची.

“अच्छा! तभी तो!” मॅडमचा चेहरा उजळला. मी सुटले. सई मागच्या बाकावरच राहिली.

पण एवढ्यावर थांबलं असतं तर – नाही, हा बहाणा नको. सांगते.

सईला आणायला गेलेल्या आबांना मॅडमनी फाटकावर गाठलं – दादाजी, मराठी बंद कीजिए. आबा घरी आले, चप्पल काढायच्या आत विचारलं, “माझ्यामुळे होतंय का गं हे?”

‘नाही’ एवढंच म्हणायचं होतं.

“थोडंसं, आबा,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून आबांची हिंदी सुरू झाली. “बेटा, इधर आव. आमटी कैसा लगा?” सई आधी हसली. मग ती मोडकी हिंदी तिला कळेना. मग ती त्यांच्याजवळ बसेनाशी झाली. आबा दिवसभर गॅलरीत बसू लागले, आणि एक दिवस बॅग भरून सांगलीला परत गेले. मी अडवलं नाही.

शाळेला पुढे खरं सांगितलं. सई आता पुढच्या बाकावर बसते. आबांना मात्र नाही सांगितलं.

गेल्या रविवारी त्यांचा फोन आला. सईशी हिंदीतच बोलले. फोनवर तिला तसंही काही उमगत नाही. ती हाँ, हाँ म्हणत राहिली आणि फोन माझ्याकडे देऊन निघून गेली. आबांनी हळूच विचारलं, “आता तिच्याशी दोन शब्द मराठी बोललो तर चालेल का गं?”

हो म्हटलं असतं, तर सगळंच सांगावं लागलं असतं.

“एवढ्यात नको, आबा.”

“बरं,” ते म्हणाले.