वर्गात झोपणारी मुलगी

नोकरीतली बरीच प्रकरणं आता धुक्यात गेली आहेत. मांजरी गावच्या शाळेतली ती दुपार मात्र डोळे मिटले की अजून तशीच समोर येते.

आमच्या पोलीस ठाण्यात एका शिक्षिकेचा फोन आला. "साहेब, माझ्या दुसरीच्या वर्गातली मुलगी रोज झोपते. घरी काहीतरी बिनसलंय." आई वारलेली, वडील ट्रकवर, महिनोन्‌महिने बाहेर. ती आणि तिची सात महिन्यांची बहीण काका-काकूंकडे राहत.

एका महिला हवालदारांना घेऊन मी साध्या वेशात गेलो. खिडकीबाहेर उसाला तुरे आले होते आणि सगळं शिवार उन्हात संथ हलत होतं. मुलगी वहीवर गाल टेकून झोपली होती. वर्गाच्या बाईंनी तिच्या तोंडावरचे केस सारायला हात नेला, तर झोपेतच तिनं दोन्ही हात डोक्यावर घेतले.

आम्ही तिला उठवलं नाही. जाग आल्यावर हवालदारबाई तिच्या वेण्या घालत बसल्या. घटकाभरानं ती आपणहून म्हणाली, "रात्री मी जागते. चिमी रडली की काका तिला मारतो. म्हणून मी लगेच उचलून घेते."

डॉक्टरांनी तान्हीला तपासलं. पाठीवर, दंडावर जुने-नवे वळ होते. काकाला ठाण्यात आणलं.

"चालताना पडती ती सारखी," तो शांतपणे म्हणाला.

मी तसंच लिहून घेतलं आणि शेजारच्या खोलीत काकूला विचारलं, "ताई, बाळ चालतं का?"

"अजून नीट बसत बी न्हाय, साहेब."

त्यानं काय सांगितलंय ते मी तिला वाचून दाखवलं. मग तिनं सगळं सांगितलं.

काकाला अटक झाली. बाल कल्याण समितीनं वडिलांना बोलावून घेतलं आणि चौकशीनंतर दोघी बहिणींना आत्याकडे सोपवलं.

पुढे बाईंचे आभार मानायला शाळेत गेलो.

"आभार कसले? पहिला फोन मी दिवाळीआधीच केला होता. आपणच उचलला होता. लेखी तक्रार आणा म्हणालात."

मला तो फोन आठवत नव्हता. आजही आठवत नाही. त्यानंतर हाताखालच्या प्रत्येकाला मी एवढंच सांगत आलो, की मुलाबद्दल कुणी नुसती शंका बोलून दाखवली तरी आधी उठून जा, मुलाला बघून या. कागद मागाहून करता येतो.