शाफ्टवरची जाळी

त्या सकाळी गंगूनं चहा कपातून बशीत ओतून मले दिला, कपात उरला तो आपण घेतला. मग दोघंही नवरा-बायको कामावर गेलो. मारेगावाकडच्या एका जिनात मी फिटर, ती मशिनीत कापूस टाकणारी. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना.

दुपारी तिचा पदर शाफ्टमध्ये गेला.

शाफ्ट म्हणजे इंजिनावर फिरणारा लोखंडी दांडा. त्याच्यावर जाळी असते. तेल द्यायसाठी ती मीच काढली होती. म्यानेजर म्हणाले होते, "इंजिन बंद नको करू, जाळी संध्याकाळी बसव." मी ऐकलं. काढताना वाकलेली ती जाळी गंगू गेल्यावर स्टोअरातच पडून राहिली. तिले हात लावायची माही हिंमत नव्हती.

पुढच्या सीझनला गावातल्या गुरुजीची भूतकथा दिवाळी अंकात आली. कारकुनानं जेवणाच्या सुट्टीत ती मोठ्यानं वाचली. जिनात मेलेली बाई, हिरवा चुडा, भर दुपारी शाफ्टजवळ उभी राहते. कायले? तर म्हणे जितेपणी तिनं सवतीचं पोर मारलं, ते पाप तिले सोडत नाही.

गंगूले सवत नव्हती. पाप तर मुळीच नव्हतं.

बाया शाफ्टकडे जाईनात. म्यानेजरनं तिथं ओटी भरायला लावली. जाळीच्या जागी लिंबं अन् हिरव्या बांगड्या टांगल्या.

"साहेब, हे काय?"

"शांती हाय, किसन. तुह्याच बायकोची सोय करून राह्यलो."

"तिले ओटी नाही पाहिजे. जाळी पाहिजे होती."

"भर सीझनात इंजिन बंद ठेवू? अन् भूत काय जाळीनं जाते?"

संध्याकाळी गुरुजीच्या घरी गेलो. म्हटलं, "पाप मेलेल्या बाईच्या गळ्यात काहून बांधलं? मागचं झालेलं जित्या माणसाले लागते, गुरुजी. मले लागलं हाय. हातात पाना घेतला की ती दिसते. तुमच्या कथेत म्यानेजर कुठं हाय? मी कुठं हाय?"

गुरुजी चष्मा पुसत म्हणाले, "अहो, फिटरच्या चुकीची भूतकथा कोण वाचेल?"

दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या आधी जिनात गेलो. बांगड्या सोडून रुमालात बांधल्या. जाळी ठोकून सरळ केली, चारही बोल्ट आवळले. म्यानेजर ओरडत होते. इंजिन तासभर उशिरा लागलं. कापूस कुठं पळून गेला नाही.

गंगूच्या जोडीची सखूबाई आली. तिनं जाळी दोन्ही हातांनी हलवून पाह्यली. हलली नाही. पदर खोचून ती कामाले लागली.