मांडुळाचं दुसरं तोंड

माझं पुढचं शिक्षण एका सापाच्या शेपटीवर अडकलं होतं, हे सांगितलं की आता लोक हसतात. तेव्हा मला हसू येत नव्हतं.

नसरापूरजवळच्या आमच्या गावात शाळा चौथीपर्यंत. पुढं भोरला मामाकडं राहून शिकायचं मी मनात घेतलं होतं. आजोबांच्या मते चौथी म्हणजेच मुलीच्या जातीला जरा जास्त झाली होती. त्यात मी एक मूर्खपणा केला. मांडुळाला तोंड एकच, दुसरी ती बोथट शेपटी, असं मास्तर म्हणाले होते. ते मी जेवताना बोलून गेले.

आजोबांचा घास थांबला. मांडूळ सहा महिने एका तोंडानं चालतं आणि सहा महिने दुसऱ्यानं, हे अख्ख्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. "मास्तरला मांडूळ कळंना, त्यो पोरीला काय शिकिवणार? दसऱ्यापत्तूर बगू. दुसऱ्या तोंडानं चाललं तर शाळा बंद."

पाडव्याला आजोबांनी बांधाच्या भुसभुशीत मातीतून एक मांडूळ काढून फुटक्या रांजणात सोडलं. मी शेपटीला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला लाल हिंगूळ खुणेसाठी फासला. उंदीर दिला की ते विळखा घालून गिळायचं, दर वेळी त्याच तोंडानं. आजोबा म्हणत, "दुसऱ्याचा उपास हाय."

आई यात कुठंच नव्हती. ती वेल्ह्याच्या डोंगरातली, असले साप बघतच वाढलेली. तिच्या माहेरी रान खणताना खापरखवल्या साप निघायचा, शेपटाचं टोक खापरीसारखं खरबरीत आणि त्यावर मातीची टोपी. न्हाणीच्या दगडाखालचा वाळा तर ती केरसुणीनं बाहेर लोटायची. गांडुळाएवढा साप, डोळ्यांच्या जागी शाईचे दोन ठिपके.

ज्येष्ठात मांडुळानं कात टाकली आणि हिंगूळ कातीबरोबर गेला. आता कुठलं टोक कुठलं ते देवाला ठाऊक, म्हणजे आपणच जिंकलो, असं आजोबांनी ठरवून टाकलं. मी गोठ्यामागं जाऊन पोटभर रडले.

आषाढात एका सकाळी सगळं घर रांजणाभोवती गोळा झालं. मांडूळ वीत होतं. अंडी नव्हेत, जिवंत पिल्लं, तांबूस, शेपटीकडं काळे पट्टे असलेली. एक अजून अर्धं आत होतं. आजोबा हरखले. "बगा, दुसरं तोंड उघाडलं."

आईनं पदर सारखा केला. "मामंजी, सा बाळंतपणं झाली माजी. पोरं कुठनं येत्यात ते मला ठावं हाय. त्येला तोंड म्हनत न्हाईत."

जमलेल्या बायकांनी पदरात तोंडं लपवली. आजोबा चिलीम शोधायला उठले. चिलीम त्यांच्या हातातच होती.

पुढं तेच माझी वळकटी डोक्यावर घेऊन मला भोरला पोचवायला आले. शाळेच्या दारात तिथल्या मास्तरांना म्हणाले, "काय अडलं तर मला इचारा. हिच्या आयला इचारू नका, ती खरं सांगती."