उष्ट्या हळदीतले जंतू

आमच्याकडं नवरदेवाला लावून उरलेली हळद वाटीत घालून नवरीला आणतात. तिला उष्टी हळद म्हणतात. आता मी पडले गारखेड्यातल्या लॅबमधली बाई. दिवसभर लोकांची थुंकी, लघवी आणि पू काचेच्या प्लेटवर पसरवायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर कोणते जंतू उगवले ते बघायचं, हे माझं काम. त्यामुळं नवरदेवाची बहीण चितेगावहून ती पिवळीधमक वाटी घेऊन आली, तेव्हा माझ्या तोंडून निघालंच, "ह्यात किती जणींनी हात बुचकळले?"

"अगं बया!" मावशी खेकसली. "हळदीनं जंतू मरतात. तुझ्या लॅबला काय कळतंय?" आणि तिनं मूठभर हळद माझ्या तोंडावर फासली, पापण्यांसकट. बायका खिदळल्या. मीही खिदळले.

खरं सांगते, मला घोर जंतूंचा नव्हताच, नवरदेवाचा होता. दोनदा भेटलो होतो. माणूस सज्जन, पण दोन्ही वेळा एकदाही हसला नाही. आमचे काका निघताना त्याचीच चप्पल घालून जिना उतरले, तरी हा आपला गंभीर! आमच्या घरात ठसका लागेस्तोवर हसतात. न हसणाऱ्या माणसासोबत जन्म कसा काढायचा, ह्या विचारानं मला लई भीती वाटत होती. होकार तर देऊन बसले होते.

कार्यालयाच्या तारखांच्या गोंधळात हळद दोन दिवस आधीच उरकली होती. लग्नाच्या दिवशी सकाळी माझे डोळेच उघडेनात. आईनं कोमट पाण्याच्या बोळ्यानं पापण्या सोडवल्या. आरशात बघते तर दोन्ही डोळे लालभडक, कोपऱ्यात घट्ट पिवळा पू. आई रडायला लागली आणि मला, देवाशपथ, हसू फुटलं. हा बहुतेक स्टॅफिलोकोकस, प्लेटवर सोनेरी ठिपके उठवणारा. म्हणजे लग्नाच्या दिवशी मीच सॅम्पल!

डॉक्टरांनी थेंब दिले. डोळ्यांना हात लावायचा नाही, टॉवेल वेगळा ठेवायचा, असं बजावलं. मावशीनं मात्र तिसरंच बजावलं, "मुलाकडच्यांना सांगायचं नाय. काळा गॉगल लाव. आजकालच्या नवऱ्या लावतातच की."

तर हर्सूलच्या त्या कार्यालयात मी शालू, मुंडावळ्या आणि काळा गॉगल अशा थाटात पाटावर उभी. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली आला.

समोर नवरदेव. काळा गॉगल लावून.

अक्षता उधळायचं लोक विसरले. वाजंत्री तेवढी वाजत राहिली. त्याची आई एकदम पदराशी चाळा करायला लागली, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हळदीच्या दिवशीच ह्याचे डोळे आलेले असणार आणि आमच्यासारखंच त्यांनीही झाकून ठेवलं असणार. ज्या हातांनी ह्याच्या डोळ्यांवर हळद लावली, तेच हात पुन्हा वाटीत. त्या वाटीतून माझ्या पापण्यांवर.

मी गॉगल काढला. होऊ दे काय व्हायचं ते.

तो बघत राहिला. मग त्यानंही काढला. अरे देवा, त्याचे डोळे माझ्यापेक्षा भयंकर! एका पापणीच्या कडेला थोडी हळद अजून चिकटलेली होती.

"हळद पोचली म्हणायची तुम्हाला," तो म्हणाला, अगदी गंभीरपणे.

आणि त्याचा ओठ थरथरला. मग खांदे हलले. मग तो असा हसत सुटला की फेटा तिरका झाला, डोळ्यांतून धारा लागल्या. पुसायला त्यानं हात वर नेला तशी मी भर मांडवात ओरडले, "हात लावू नका! दुसरीकडं पसरतंय!" त्यावर तर तो वाकून, गुडघे धरून हसला.

हार घाला असं भटजींनी म्हणायच्या आधीच मी त्याच्या गळ्यात हार घालून मोकळी झाले.